तबकातला चेक

"मग मधल्या काळात तुमच्या भावानं काहीच दिलं नाही?" चौगुले वकीलबाईंनी विचारलं. "एखादी रक्कम? थोडीफार?"

"दिलं असतं तर तुमच्या पायऱ्या कशाला चढले असते, बाई?" मी म्हणाले. "चार लाख घेऊन बसलाय. फोन केला की बायको उचलते आणि सांगते, ते मागावर आहेत. माग बंद पडून वर्ष झालं हे मला सांगलीत बसून कळतं, तिला घरात बसून कळत नाही?"

बाई हसल्या नाहीत. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण चेहऱ्यावरची रेष हलू द्यायच्या नाहीत. मी नेलेला गुळपोळ्यांचा डबा त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवून ठेवला होता. संक्रांत नुकतीच झाली होती, आणि रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही ही खानावळवालीची खोड काही जात नाही.

खानावळ माझी तेव्हाही होती, आजही आहे. कॉलेजची पोरं, बँकेतले एकटे राहणारे, औषधकंपन्यांचे फिरते लोक. पोळ्या मोजून वाढते, खाडे मोजून कापते, कुणाचा एक रुपया बुडवत नाही आणि माझा बुडू देत नाही. सगळी गल्ली मला तोंडाची फटकळ म्हणते, म्हणू दे. यजमान साखर कारखान्यात होते. ते गेले तेव्हा त्यांच्या फंडाचे पैसे आले आणि महिन्याभरात माझा धाकटा भाऊ सदा इचलकरंजीहून आला. दुसऱ्याच्या मागावर पाळ्या करून कंटाळला होता. म्हणाला, "आक्का, एक जण जुने माग काढतोय. आठ माग स्वस्तात पडतायत. दोन वर्षांत तुझे पैसे फेडतो." मी त्याच दुपारी चार लाखांचा चेक लिहून दिला. कागद करून घेतला नाही. आई गेली तेव्हा सदा पाच वर्षांचा, मी चौदाची. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलेला. त्याच्याकडून काय कागद घ्यायचा?

"कागद नाही," वकीलबाई म्हणाल्या, "पण चेकनं दिलेत, म्हणजे दिले हे सिद्ध होतं. अडचण मुदतीची आहे. असे उसने दिलेले पैसे मागायचा दावा दिल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तुमची तीन वर्षं केव्हाच उलटली."

"म्हणजे बुडवणाऱ्यानं फक्त तीन वर्षं गप्प बसायचं?"

"कायदा तसा आहे."

"मग पोलिसांत जाऊ? फसवणूक म्हणून?"

"त्यांनी खोटं सांगून घेतले का? माग घेतो म्हणाले आणि घेतलेच नाहीत, असं झालं का?"

"नाही. माग घेतले. मीच पूजेला गेले होते."

"मग नुसते फेडले नाहीत म्हणून ती फसवणूक होत नाही. आज त्यांनी कागदावर लिहून दिलं की देतो, तर गोष्ट वेगळी."

"फोन उचलत नाही तो, कागद कुठला देतोय."

माझा जीव त्या पैशात अडकला होता त्याला कारण होतं. खानावळीचा गाळा भाड्याचा. मालक पुण्याला मुलाकडे चालले होते आणि गाळा विकायला काढला होता. सहा लाख सांगत होते. भला माणूस, म्हणाला, "हेमाताई, पहिला हक्क तुमचा, पण दसऱ्यापर्यंतच थांबतो. पुढं मोबाइल दुकानवाला तयार आहे." माझ्याकडे दोन होते. सदाचे चार आले तर गाळा माझा, नाही तर वीस वर्षांची चूल रस्त्यावर. पन्नाशी उलटल्यावर कुठं नवी गल्ली शोधायची आणि कुठले नवे मेंबर जमवायचे?

"तर काहीच नाही दिलं," वकीलबाई फाइल मिटायला लागल्या.

"एक ओवाळणी तेवढी. ती काय, भाऊ बहिणीला घालतोच."

"किती घातली?"

"एरवी शंभर-दीडशे. एकदा मात्र दहा हजार घातली होती पठ्ठ्यानं. चेकनं."

बाईंनी मिटलेली फाइल परत उघडली. "कधी?" त्यांनी विचारलं.

ती भाऊबीज मी विसरले नव्हते. माग घेतल्यावरची तिसरी दिवाळी. त्या साली सदाला कुठलीशी मोठी ऑर्डर मिळाली होती. तो, त्याची बायको मंदा, दोघं इस्त्रीच्या कपड्यांत आले. पाटावर बसला, मी ओवाळलं, आणि यानं खिशातून नोट काढायच्या ऐवजी चेक काढून तबकात ठेवला. रोकड सगळी कामगारांच्या बोनसला गेली होती म्हणे. माझं हसू आवरेना. "अरे, चेकनं ओवाळणी? आणि वटला नाही तर मी काय पुढच्या भाऊबीजेपर्यंत थांबू?" तो म्हणाला, "आक्का, वटतोय. बघ तरी कितीचा आहे." मी बघितलं आणि मला रडूच आलं. मंदानं मोबाइलवर फोटो काढला. चेकला माझ्या बोटाचं कुंकू लागलं होतं. बँकेतल्या पोरानं विचारलं, मावशी, हे तांबडं कसलं, तर मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या भावाची ओवाळणी आहे. त्या पैशाच्या मी कानातल्या कुड्या केल्या. यजमान गेल्यापासून अंगावर नवं काही घातलं नव्हतं. सदाला फोन करून सांगितलं, "तुझ्या ओवाळणीच्या कुड्या केल्या रे." तो म्हणाला, "आता काढू नको."

हे सगळं मी वकीलबाईंना सांगितलं नाही. फक्त, "तिसऱ्या दिवाळीला," एवढं सांगितलं.

बाईंनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे तीन वर्षं पुरी व्हायच्या आत. हे बघा, कर्जापोटी काही रक्कम मुदतीच्या आत चेकनं मिळाली असेल, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्यानं मोजतात. तसं धरलं तर तुमचा दावा अजून जिवंत आहे."

"पण ती ओवाळणी होती."

"ओवाळणी असेल तर नाही. हप्ता असेल तर आहे." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. तुमच्या मनात काय होतं ते तुम्हालाच ठाऊक. कायदा काय म्हणतो तेवढं मी सांगितलं. घरी जाऊन विचार करा."

मी घरी जाऊन विचार केला. संध्याकाळी शंभर पोळ्या लाटता लाटता केला. चार लाख त्यानं घेतले हे खरं, दिले नाहीत हे खरं. मग मधल्या दहा हजारांना काय नाव द्यायचं यानं कुणाचं काय बिघडतं? असं मीच मला पटवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणाले, "हप्ता होता."

नोटीस गेली. उत्तर आलं नाही, पण चार दिवसांनी सदाचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं आपण होऊन केलेला.

"आक्का, पोस्टमननं सगळ्या पेठेसमोर सही घेतली गं माझी."

"मग मी काय करू? फोन उचलत होतास का?"

"काय तोंडानं उचलू? सुताचा भाव बघतेस ना. चार माग केव्हाच विकले, उरलेले चार उभेच आहेत. थोडं थांब."

"मी थांबते, गाळ्याचा मालक थांबत नाही."

तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर मलाही सोपं गेलं असतं.

दावा लागला. त्यात लिहिलं होतं की प्रतिवादीनं कर्जफेडीपोटी रुपये दहा हजार चेकनं दिले. मी सही केली. वाचून केली. मग त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, सदर रक्कम वादी ही प्रतिवादीची सख्खी बहीण असल्यामुळे भाऊबीजेनिमित्त केवळ प्रेमापोटी दिलेली आहे, तिचा कर्जाशी संबंध नाही, सबब दावा मुदतबाह्य आहे. भावाचं माझ्यावर प्रेम आहे हे मला जन्मात पहिल्यांदा लेखी मिळालं, आणि तेही माझे पैसे बुडवायला. मी हसले. एकटीच होते, तरी हसले.

कोर्टानं म्हटलं, घरचं भांडण आहे, आधी मध्यस्थाकडे बसा, मिटतंय का बघा. गणपती नुकते उठले होते. दसरा तोंडावर आला होता.

कोर्टाच्या आवारातली ती खोली लहान होती. गोल टेबल, सहा खुर्च्या, एक पंखा. मध्यस्थ म्हणून देशिंगकर नावाचे वयस्क वकील होते, हळू आवाजात बोलणारे. एका बाजूला मी आणि चौगुले बाई, समोर सदा, मंदा आणि त्यांचा तरुण वकील. सदा वाळला होता. शर्ट मात्र इस्त्रीचा होता, तोच, भाऊबीजेला घालून आला होता तो. मी जाताना सवयीनं शेंगदाण्याचे लाडू पिशवीत घातले होते. पिशवी मी पायाशी ठेवली आणि पायानं खुर्चीखाली सरकवली.

"चार लाख घेतले, हे मान्य आहे ना?" देशिंगकरांनी विचारलं.

"मान्य आहे साहेब," सदा म्हणाला. त्याच्या वकिलानं त्याच्याकडे बघितलं, पण तो तोवर बोलून गेला होता.

"मग वाद फक्त त्या दहा हजारांचा आहे," देशिंगकर म्हणाले. "इथं बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. कुणी शपथेवर नाही. मोकळेपणानं बोला."

तरुण वकील म्हणाला, "साहेब, आमच्याकडे फोटो आहे." त्यानं मंदाला खूण केली. मंदानं मोबाइल पुढं केला.

मी त्या फोटोकडे बघितलं. पाट होता, पाटाभोवतीची रांगोळी होती, तबकात नीरांजन, सुपारी, अक्षता आणि त्यांच्यामध्ये चेक. चेकवर कुंकू. आणि मी तोंडाला पदर लावून हसत-रडत उभी. इतकी आनंदात असलेली मी दुसऱ्या कुठल्या फोटोत नाही.

देशिंगकरांनी चष्मा वर करून बघितलं आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला. "ताई, तुम्हीच सांगा. हा चेक तुम्ही काय म्हणून घेतलात?"

माझ्या डोक्यात गाळा होता. लोखंडी शटर, आतली काळी पडलेली भिंत, मोठ्या पातेल्याची जागा. ते सोडून मी दुसरं काही डोक्यात येऊ दिलं नाही.

"हप्ता म्हणून," मी म्हणाले. "पैसे फेडायला सुरुवात केलीय असं मला वाटलं."

"भाऊबीजेच्या तबकात हप्ता?" तरुण वकील म्हणाला.

"तो त्या दिवशी घरी आला होता म्हणून त्या दिवशी दिला. दुसऱ्या दिवशी आला असता तर दुसऱ्या दिवशी दिला असता."

हे मी आधी घोकलं नव्हतं. तिथल्या तिथं सुचलं, आणि इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच धक्का बसला.

मंदा आतापर्यंत गप्प होती. ती माझ्याशी कधी वर तोंड करून बोलली नव्हती, आजही आवाज चढवला नाही. म्हणाली, "आक्का, मग कानात काय आहे?"

माझा हात कानाकडे गेला. त्या कुड्या मी काढल्याच नव्हत्या. रात्री झोपतानाही काढायची नाही, त्यामुळे त्या कानात आहेत हे सकाळी निघताना माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. तोंड पोळल्यासारखं झालं. टेबलाखाली जागा असती तर मी खरंच शिरले असते.

"तुम्हीच फोन करून सांगितलंत," मंदा म्हणाली. "ओवाळणीच्या केल्या म्हणून. हे बाहेर येऊन कामगारांना सांगत होते, आमच्या आक्कानं कुड्या केल्या म्हणून. सांगा की साहेबांना."

चौगुले बाई समोरच्या कागदाकडे बघत होत्या. देशिंगकर माझ्याकडे बघत होते, वाट बघत. मला 'हो' म्हणता येत नव्हतं आणि 'नाही' म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

तेव्हा सदा बोलला. "मंदा, मोबाइल आत ठेव."

"अहो, पण..."

"ठेव म्हणतो ना." मग तो देशिंगकरांकडे वळला. "साहेब, आक्का म्हणते ते बरोबर आहे. हप्ताच होता तो."

त्याचा वकील ताडकन म्हणाला, "अहो, तुम्ही काय बोलताय कळतंय का? हे मान्य केलंत तर दावा मुदतीत येतो."

"येऊ दे."

"तुम्हीच मला सांगितलंत ओवाळणी म्हणून."

"माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं," सदा म्हणाला. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. "तबकात ठेवला म्हणून काय ओवाळणी होत नाही. फेडायला काढले होते, त्यातलेच ते. मी आक्काला ओवाळणी कुठली घालतोय."

देशिंगकरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं माणसं बघितलेला माणूस, त्यांना काय कळायचं ते कळलं असणार. त्यांनी एवढंच विचारलं, "देणार कधी?"

"उरलेले चार माग काढतो. भंगारवाला तयारच आहे. बाकीचे सासरेबुवांकडून घेतो. दसऱ्याच्या आत देतो."

मंदा मान खाली घालून बसली. माग भंगारात जाणार म्हणजे काय, हे कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या मला कुणी सांगायची गरज नव्हती. वजनावर जातात. विकत घेताना मशीन असतं, विकताना नुसतं लोखंड असतं.

समझोत्याचा कागद टाइप होऊन आला. देशिंगकरांनी वाचून दाखवला. चार लाखांतून आधी दिलेले दहा हजार वजा जाता बाकी तीन लाख नव्वद हजार. मी म्हणाले, "दहा हजार वजा कशाला?"

चौगुले बाई हळूच म्हणाल्या, "हप्ता होता ना, मग वजा करावाच लागतो."

मी सही केली. माझ्यानंतर सदानं केली. बाहेर पडताना मी व्हरांड्यात त्याला हाक मारली. पिशवीतून लाडवांचा डबा काढला. तो थांबला, डबा घेतला, मंदाच्या हातात दिला. "गाळ्याचं काम करून घे," म्हणाला. "मालकाचा विचार बदलायच्या आत." आणि ते दोघं एस. टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.

पैसे दसऱ्याच्या आधी आले. वर दहा हजार कमी पडले ते मी भिशीतून उचलले. गाळा माझ्या नावावर झाला. मेंबर पोरांनी शटरला झेंडूची माळ लावली, पेढे मागितले, मी वाटले. त्या रात्री कुड्या काढून हळदीच्या जुन्या डब्यात ठेवल्या. मोडणार नव्हते, पण कानात ठेवायची लाज वाटत होती, आणि का वाटते हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

दिवाळी आली. सदा येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि येऊ नये असं कुठंतरी वाटतही होतं. तरी पाट मांडला. रांगोळी काढली. दुपारपर्यंत वाट बघून पाट उचलणार, एवढ्यात तो दारात. एकटाच. तोच इस्त्रीचा शर्ट.

"मंदा?" मी विचारलं.

"तिला तिच्या भावाकडे जायचं होतं," तो म्हणाला.

तो पाटावर बसला. मी कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, नीरांजन ओवाळलं. त्याचं लक्ष माझ्या कानांकडे गेलं आणि तिथून लगेच दुसरीकडे गेलं. मग त्यानं खिशात हात घातला, शंभराची नोट काढली, सरळ केली, तबकात ठेवली आणि वर बघून म्हणाला, "आक्का, ही ओवाळणी आहे."

मी म्हणाले, "हो."

या गोष्टीला आता दहा वर्षं होतील. सदा आता परत दुसऱ्याच्या मागावर जातो. सुट्टी मिळो न मिळो, भाऊबीजेला येतो. मंदाही येते, बोलते, माझ्या हातची बाकरवडी बांधून नेते. सगळं पहिल्यासारखं आहे असं बघणाऱ्याला वाटेल. पण दरवर्षी तबकात नोट ठेवताना सदा सांगतो, "आक्का, ही ओवाळणी आहे." रागानं म्हणत नाही. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही, तो मारला असता तर मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. एखाद्याला एखादी गोष्ट खरोखरच माहीत नसते, त्याला आपण जसं सांगतो, तसं सांगतो.

आणि मी दरवर्षी तबक हातात घेऊन, खाली बघत म्हणते, "हो रे. ओवाळणी."